गाऱ्हाणे कोणी घालावे?

मांडवी व रत्नागिरी परिसरात देवदर्शनास येणाऱ्या भाविकांना एक दृश्य परिचित असेल. भक्त देवापुढे नारळ ठेवतो, गुरव त्याच्या वतीने गाऱ्हाणे घालतो आणि जमलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. परगावच्या जिज्ञासूच्या मनात तेव्हा सहज प्रश्न उद्भवतो : देव सर्वांच्या हृदयी आहे, तर त्याच्याशी बोलावयास मध्यस्थ कशाला?

श्रीमद्भगवद्गीता वाचतानाही हाच प्रश्न पडतो. चौथ्या अध्यायाच्या ३४ व्या श्लोकात भगवान अर्जुनास तत्त्वदर्शी ज्ञानी पुरुषांकडे जावयास सांगतात. अठराव्या अध्यायाच्या ६६ व्या श्लोकात मात्र सर्व काही सोडून एकट्या आपणास शरण येण्याची आज्ञा करतात. वक्ता एकच, श्रोताही एकच. मग हा विरोध कसा?

दोन्ही वचनांचे विषय पाहिले म्हणजे विरोध उरत नाही. पहिल्या वचनाचा विषय ज्ञान हा आहे. ते जाणत्याकडून घ्यावयाचे असते आणि त्यासाठी नम्रता, प्रश्न व सेवा ही साधने तेथेच सांगितली आहेत. त्यात प्रश्नालाही स्थान आहे, हे विशेष. दुसऱ्या वचनाचा विषय शरणागती हा आहे, आणि ती एकाच्या वतीने दुसऱ्यास करता येत नाही. वाट जाणत्यास विचारावी. भार देवावर ठेवावा.

संत नामदेवांचे चरित्र हेच सांगते. विठ्ठलाशी प्रत्यक्ष बोलणाऱ्या नामदेवांनाही विसोबा खेचरांचा उपदेश घ्यावा लागला, अशी परंपरा आहे. विसोबांचे पाय शिवपिंडीवर पाहून नामदेव व्यथित झाले, तेव्हा देव नाही अशी जागा दाखव, तेथे पाय ठेवतो, असे विसोबा म्हणाले. गुरूने शिष्यास देवापासून दूर नेले नाही. देव सर्वत्र पाहावयास शिकविले.

मध्यस्थाने वाट दाखवावी, दार अडवू नये. रत्नागिरीतील पतितपावन मंदिर याची साक्ष देते. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने व दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने १९३१ साली हे मंदिर सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले.

गुरवाचे गाऱ्हाणेही याच दृष्टीने समजून घ्यावे. तो भक्ताच्या दुःखास शब्द देतो आणि मंडळींच्या होकाराने एकट्याची विनवणी सर्वांची होते. श्रद्धा मात्र भक्ताचीच असावी लागते. शब्द सुचत नसतील त्याने गुरवास विनंती करावी. सुचत असतील त्याने आपल्या बोलीत स्वतः सांगावे. देव दोघांचेही ऐकतो.

देणगीदारांसही एवढेच निवेदन, की दानाने देवस्थानाचा दिवा तेवत राहतो, अन्नछत्र चालते. हे पुण्यकर्मच होय. तथापि मोठ्या रकमेने देव अधिक जवळ येतो, असे कोणी मानू नये. नवव्या अध्यायाच्या २६ व्या श्लोकात भगवंतांनी पान, फूल, फळ व पाणी एवढेच मागितले आहे, आणि तेही भक्तीने दिलेले.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥