गिनी देशाचा नाचाचा बँड आणि इतिहासाचा पाठ

नाचाच्या बँडकडून इतिहास शिकता येतो का? पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत तसं घडलं.

२ ऑक्टोबर १९५८ ला हा देश फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. तोवर शहरातले बँड बरंचसं युरोपीय नाचाचं संगीत वाजवत. अध्यक्ष सेकू तुरे यांनी ते बरखास्त केले. सरकारी खर्चाने नवे बँड उभे राहिले, वाद्यं मिळाली. अट एकच, संगीत आपल्या मातीतलं हवं.

१९६१ मध्ये सुरू झालेला 'बेंबेया जाझ' त्यातलाच. त्याचा गिटारवादक सेकू दियाबाते ग्रिओ घराण्यातला. ग्रिओ म्हणजे वंशावळी नि पराक्रम गाऊन जपणारे पिढीजात कलावंत. त्यांचं बालाफोन हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, खाली भोपळे बांधलेलं. दियाबातेने त्याची भरभर धावणारी सुरावट चक्क इलेक्ट्रिक गिटारवर आणली! मुलांना ऐकवाल तेव्हा आधी बालाफोन ऐकवा, मग गिटार.

१९६९ मध्ये या बँडने फ्रेंचांशी लढलेल्या सामोरी तुरेची कथा गायली. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू भरून एकच रचना! मात्र अध्यक्ष स्वतःला सामोरीचे वंशज म्हणवत. मोठ्या वर्गात हेही जरूर सांगा, आणि विचारा: हा इतिहास की स्तुती?