गोवर परका कसा ओळखला जातो?

'डॉक्टर, गोवर एकदा आला की पुन्हा येत नाही, मग लस कशाला?' हा प्रश्न पालक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

गोवराचा विषाणू पेशीत शिरून तिच्याकडून स्वतःची प्रथिने तयार करून घेतो. आपल्या बहुतेक पेशी आत बनलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडत असतात. 'टी' पेशी हे तुकडे तपासतात. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत त्यांची आधीच निवड झालेली असते. स्वकीय तुकड्यांवर चालून जाणाऱ्या बहुतेक टी पेशी तेथेच बाद होतात. त्यामुळे परका तुकडा दिसताच त्याला जुळणारी टी पेशी त्या रोगट पेशीचा नाश करते. ही ओळख पुढे वर्षानुवर्षे टिकते.

मात्र गोवराचा विषाणू अशी ओळख जपणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. पूर्वी होऊन गेलेल्या इतर रोगांची ओळखही बरीच पुसली जाते आणि पोर न्यूमोनिया, जुलाब यांना सहज बळी पडते. लशीतील दुबळा केलेला विषाणू ओळख करून देतो, पण जुनी ओळख पुसत नाही.

म्हणून पहिला डोस ९ महिने पूर्ण होताच आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यावा. दुसरा डोस चुकवू नये.