अनोळखी टेबलावरचा चौथा भिडू

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई जर्मनीत ड्युसेलडॉर्फला नोकरी करतात. दरवर्षी ऑक्टोबरात दोघंही रजा काढून जवळच्या एसेन शहरात बोर्ड गेमच्या जत्रेला जातात. दिवसभर अनोळखी लोकांबरोबर टेबलाशी बसून खेळतात आणि रात्री पिशव्या भरभरून खेळ घरी आणतात. यंदा आम्ही दोघं त्या सुमाराला तिकडे असू आणि आम्हालाही नेण्याचा त्यांचा बेत आहे. चांगली शिकलेली, नोकरदार माणसं ज्यांचं नावही माहीत नाही अशांबरोबर तासन्‌तास खेळतात तरी काय आणि बोलतात तरी काय? हे खेळ घरबसल्या मोबाइलवर मिळत नाहीत का? शिवाय आम्हाला जर्मन येत नाही. आम्ही तिथे काय करायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या प्रश्नात तीन शंका आहेत. तिथे चालतं काय, अनोळखी माणसांचं एका टेबलावर जमतं कसं, आणि भाषा न येणाऱ्याने तिथे काय करावं. मधली शंका सर्वांत महत्त्वाची आहे. ती सुटली की तिसरी जवळजवळ आपोआप सुटते.

आधी जत्रेबद्दल. तिचं नाव ‘श्पील’. १९८३ साली ती ‘श्पीलबॉक्स’ या बैठ्या खेळांना वाहिलेल्या नियतकालिकाच्या वाचकांचा मेळावा म्हणून सुरू झाली. अंकात ज्या खेळांबद्दल वाचलं, ते एकत्र बसून खेळून पाहावेत एवढाच हेतू होता. आज एसेनच्या प्रदर्शन केंद्राची मोठमोठी दालनं या मेळाव्याने भरून जातात. गुरुवार ते रविवार असे चार दिवस तो चालतो. २०१९ मध्ये इथे २ लाख ९ हजार लोक आले होते.

पहिला गैरसमज असा की हा खेळण्यांचा बाजार आहे आणि तो मुलांसाठी आहे. खेळण्यांचा तसा बाजार जर्मनीत न्यूरेंबर्गला भरतो, पण तो व्यापाऱ्यांसाठी असतो. एसेनला कुणीही तिकीट काढून जावं, टेबलाशी बसावं, खेळ शिकावा, आवडला तर विकत घ्यावा. मुलांसाठी वेगळे खेळ असतात, पण टेबलांवर बहुतेक मोठी माणसंच दिसतील. दुसरा गैरसमज जुगाराचा. आपल्याकडे पत्ते आणि फासे म्हटलं की पैसे लावणं आठवतं, म्हणून हे स्पष्ट सांगतो : इथे पैसा लागतो तो तिकिटाला आणि खेळ विकत घ्यायला. डावावर काही लावलेलं नसतं. जिंकणाऱ्याला टेबलावरच्या लोकांचं ‘वा, छान’ मिळतं आणि डाव आवरला जातो.

आता मुख्य शंका. अनोळखी चौघं एकत्र बसतात आणि तासाभरात हसत-खिदळत उठतात, हे घडतं कसं? त्याचं कारण जितकं माणसांत आहे तितकंच खेळांच्या घडणीत आहे.

आपल्यातल्या पुष्कळांनी लहानपणी ‘व्यापार’ खेळलेला असतो. त्यात एखादा गडी लवकर कफल्लक होतो आणि बाकीच्यांचं संपेपर्यंत बाजूला बसून राहतो. डाव कधी संपेल हेही कुणी सांगू शकत नाही. असा खेळ घरच्या माणसांबरोबर निभतो, कारण कंटाळलेला माणूस उठून चहा करायला जाऊ शकतो. अनोळखी माणसांबरोबर तो निभणार नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत जर्मनीत जे खेळ घडले, त्यांनी ही अडचण मुळातूनच काढली. त्यांतल्या बहुतेकांत कुणी मध्येच बाद होत नाही. डाव साधारण पाऊण ते दीड तासात संपतो. दुसऱ्याचं मोडण्यापेक्षा आपलं उभारण्यावर भर असतो. शेवटचे गुण मोजेपर्यंत कोण पुढे आहे याची खात्री नसते, त्यामुळे मागे पडलेल्यालाही खेळण्यात रस राहतो.

या घडणीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९५ सालचा ‘कटान’. तो बनवणारे क्लाउस टॉयबर व्यवसायाने दातांच्या कवळ्या वगैरे तयार करणारे तंत्रज्ञ होते. फावल्या वेळात घराच्या तळघरात बसून ते खेळ रचायचे. कटानमध्ये एका बेटावर वस्त्या आणि रस्ते बांधायचे असतात आणि त्यासाठी लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज लागतं. फासे कुणीही टाकले तरी येणाऱ्या आकड्यावर ज्याची वस्ती असेल त्याला माल मिळतो. त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही तुमचं लक्ष पटावरच असतं. आणि हवा तो सगळा माल एकट्याला कधीच मिळत नाही, म्हणून विचारावंच लागतं : ‘माझ्याकडे दोन मेंढ्या आहेत, कुणी विटा देतं का?’ झालं, बोलणं सुरू. समोरचा कोरियाचा आहे की पोलंडचा, काय करतो, किती शिकलाय, यातलं काहीही माहीत असण्याची गरज राहत नाही.

अनोळखी माणसांत आपल्याला अवघडल्यासारखं होतं ते बहुधा पहिल्या पाच मिनिटांत. काय बोलावं, किती बोलावं, कुठे पाहावं, हात कुठे ठेवावेत. पटावर या चारही प्रश्नांची उत्तरं तयार असतात. हाताला सोंगट्या असतात, डोळ्यांना पट असतो, बोलायला विषय असतो आणि गप्प राहिलात तर ‘विचार करताहेत’ असं समजून सगळे थांबतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी पाहुण्याशी जसं जिलबीवरून बोलणं निघतं, तसंच हे. फरक एवढाच की पंगत वीस मिनिटांत उठते आणि डाव तासभर चालतो. तेवढ्या वेळात माणूस उतावळा आहे की धीराचा, हरताना हसतो की कुढतो, हे न सांगता कळतं. एरवी एवढी ओळख व्हायला महिने लागतात. एसेनला भेटलेली माणसं पुढे एकमेकांच्या घरी मुक्कामाला जातात ती यामुळेच.

यातूनच टेबलावरच्या वागण्याच्या रीती आल्या आहेत. त्या छापील नसतात, पण तुम्हाला आधी माहीत असलेल्या बऱ्या. बसताना आपलं नाव सांगावं आणि खेळ नवा असेल तर तसं मोकळेपणाने सांगावं. नवख्याला इथे कुणी लिंबूटिंबू मानत नाही. त्याला सगळं नीट समजावून सांगण्यात लोकांना खरोखर आनंद वाटतो. मोठ्या प्रकाशकांच्या दालनांत तर खेळ समजावून सांगायलाच माणसं नेमलेली असतात. दुसऱ्याची सोंगटी आपण हलवू नये. भजी-वेफर्सचे तेलकट हात पत्त्यांना लावू नयेत. फोन खिशात ठेवावा. डाव सुरू झाला की अर्ध्यावर उठू नये, कारण चौघांचा खेळ तिघांत बहुधा बसत नाही आणि उरलेल्यांचाही डाव मोडतो. रडीचा डाव तर कुठेच खपत नाही, इथे मुळीच नाही.

आणखी एक रीत, जिच्याकडे अनुभवी लोकांचंही दुर्लक्ष होतं. काही खेळांत सगळे मिळून एका बाजूला असतात आणि खेळच प्रतिस्पर्धी असतो. २००८ सालचा ‘पँडेमिक’ असाच आहे : सगळ्यांनी मिळून जगभर पसरणारे रोग आटोक्यात आणायचे. इथे जाणकार माणूस नकळत सगळ्यांच्या चाली स्वतःच सांगू लागतो. मग तो एकटा खेळतो आणि बाकीचे नुसते हात हलवतात. सल्ला विचारला तरच द्यावा, हे पथ्य मी इतर सर्व पथ्यांच्या वर ठेवीन. नवखा माणूस एकदा चुकला तर डाव जातो, पण त्याला बोलूच दिलं नाही तर तो पुन्हा टेबलाशी येत नाही.

सगळे मेळावे एकाच धाटणीचे नसतात, हेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेतला ‘जेन कॉन’ हा मेळावा एसेनपेक्षा जुना. १९६८ मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी तो भरवला. पुढे १९७४ मध्ये त्यांनी आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला. त्यात एकजण प्रसंग सांगतो आणि बाकीचे एकेक पात्र होऊन ती गोष्ट पुढे नेतात. २००३ पासून जेन कॉन इंडियानापोलिसला भरतो आणि तिथे अनेक डावांची जागा आधी राखून ठेवावी लागते. डॅलसचा ‘बीजीजी कॉन’ मुख्यतः खेळण्यासाठीच असतो. तिथे खेळांचं प्रचंड ग्रंथालय आहे. खोकं घ्यायचं, टेबलावर ‘भिडू हवेत’ अशा अर्थाची पाटी उभी करायची आणि वाट पाहायची. लाजाळू माणसासाठी ही पाटी फार मोठी सोय आहे. एसेन मात्र आधी बाजार आहे आणि मग मेळावा. टेबल मिळेपर्यंत उभं राहावं लागतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला दालनं बंद झाली की लोक नव्या खोक्यांसह हॉटेलांत जातात आणि तिथे निवांत डाव रंगतात.

मोबाइलबद्दल. हो, यांतले पुष्कळ खेळ पडद्यावर मिळतात आणि दूरदेशीच्या मित्राशी खेळायला ते उत्तमच आहेत. पण हा प्रयोग प्रत्यक्षात होऊन गेला आहे. करोनामुळे २०२० सालचा श्पील ऑनलाइन भरवला होता. लोकांची गरज तेवढ्याने भागली असती, तर नंतर दालनं ओस पडायला हवी होती. २०२२ मध्ये १ लाख ४७ हजार लोक आले, २०२३ मध्ये १ लाख ९३ हजार आणि २०२४ मध्ये २ लाख ४ हजार. पडद्यावर नियम यंत्र सांभाळतं आणि गुणही तेच मोजतं. टेबलावर ते आपण मिळून करतो, आणि ओळख होते ती त्या मिळून करण्यातच.

आता तुमची तिसरी शंका, भाषेची. नियम समजावण्यापुरतं इंग्रजी तिथे बहुतेक टेबलांवर चालतं आणि मुलगी सोबत आहेच. पण त्याहून मोठी सोय अशी की कित्येक खेळांत पटावर आणि पत्त्यांवर एकही शब्द नसतो. रंग, आकार आणि चिन्हं असतात. एकच छपाई अनेक देशांत विकता यावी, हे त्याचं व्यापारी कारण. २०१८ साली जर्मनीतला ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ हा मान मिळवणारा ‘अझुल’ पाहा. त्यात पोर्तुगीज धाटणीच्या रंगीत फरशा उचलून आपल्या भिंतीवर बसवायच्या असतात. नियम दहा मिनिटांत कळतात. ‘क्वर्कल’मध्ये रंग आणि आकार जुळवत ओळी लावायच्या. ‘द माइंड’ तर बोलायचंच नाही असा खेळ आहे : एक ते शंभर आकड्यांचे पत्ते वाटायचे आणि अवाक्षर न काढता, खुणा न करता, सगळ्यांनी मिळून ते चढत्या क्रमाने टाकायचे. जर्मन न येणाऱ्यांचं तिथे काहीच अडत नाही. ‘कोडनेम्स’सारखे शब्दांचे खेळ मात्र पहिल्या दिवशी टाळा.

आणि एक खेळ तर तुम्हाला शिकावाच लागणार नाही. घरोघरी असणारा जर्मनांचा सर्वांत लाडका पटखेळ म्हणजे ‘मेन्श एर्गेरे दिख निख्ट’. योझेफ फ्रीडरिख श्मिट यांनी तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तयार केला आणि पहिल्या महायुद्धात त्याचे संच जखमी सैनिकांच्या इस्पितळांत पाठवले. चार रंग, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटत नाही, घरी पोहोचण्याआधी मारली गेली की पुन्हा पहिल्यापासून. हा आपल्या पचिसीचाच वंशज. कवड्या आणि सारीपाट माहीत असलेला माणूस जर्मन आजीसमोर बसला, तर पहिल्या डावापासून बरोबरीने खेळेल.

तेव्हा जरूर जा. तिकिटं मुलीला आधीच ऑनलाइन काढून ठेवायला सांगा. शनिवारी गर्दी सर्वांत जास्त असते, त्यामुळे जमलं तर शुक्रवार निवडा. एसेनच्या मुख्य स्टेशनावरून भुयारी रेल्वेची यू-११ गाडी थेट प्रदर्शन केंद्रापाशी सोडते. चालायच्या सवयीचे बूट, पाण्याची बाटली आणि थोडा खाऊ जवळ ठेवा. सकाळी आधी छोट्या प्रकाशकांच्या बाजूला वळा. तिथे रांग कमी असते आणि पुष्कळदा खेळ रचणारा माणूस स्वतःच समजावून सांगायला उभा असतो. दिवसाला तीन-चार डाव पुरेत. आणि दोघांनी सारखं एकाच टेबलावर बसू नका. एक डाव तरी वेगवेगळ्या टेबलांवर खेळा : जिथे तीन माणसं आणि एक रिकामी खुर्ची दिसेल तिथे जाऊन ‘मी बसू का?’ एवढं विचारा. तिघांनाही चौथा भिडू हवाच असतो.