झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. घरची अडचण चारचौघांत बोलू नये, हा तिचा बोध. परंतु ज्या कुटुंबास सरकारी धान्याचा आधार घ्यावा लागतो, त्यास ही झाकली मूठ पुष्कळदा जाचक होते.

शाळेत असताना मी रेशनचे धान्य दिवेलागणीनंतर, मागच्या गल्लीने आणीत असे. पुजाऱ्याच्या मुलाच्या हाती ती पिशवी कोणी पाहू नये, एवढीच धडपड! एके रात्री वडिलांच्या ते ध्यानात आले. ते म्हणाले, “तुझे आजोबा वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवत, मंगळवारी दुसऱ्या. ती सातही घरे ते अखेरपर्यंत कौतुकाने सांगत.” हे सांगताना वडिलांची मान खाली गेली नाही. पुढच्या खेपेस मी उजेडी, पुढच्या रस्त्याने गेलो.

वस्तुतः हे धान्य भिक्षा नव्हे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांस त्यावर हक्क दिला आहे. प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळावयाचे असते. जेथे इतके लोक वाटेकरी, तेथे एकट्यानेच का लाजावे?

तोंड उघडल्याने काय घडते, हे राजस्थानात दिसले. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनवाई भरविली. सरकारी कामांचे हजेरीपट व हिशेब तेथे मोठ्याने वाचले जात आणि मजूर उठून आपला अनुभव सांगत. ज्याचे त्यास वाटलेले दुःख सर्वांचेच आहे, हे तेव्हा उघड झाले. त्या चळवळीचा २००५ च्या माहिती अधिकार कायद्यास मोठा हातभार लागला.

मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. आपली कहाणी ज्याची त्यानेच, स्वखुशीने सांगावी. देणाऱ्याने ती कधीही वदवून घेऊ नये. तसे केल्यास लाज उतरण्याऐवजी दुणावते. प्रथम घरात, मग विश्वासाच्या शेजाऱ्यास, एवढी सुरुवात पुरे. ऐकणाऱ्याने कीव करू नये, उपदेशही करू नये. जमल्यास आपलीही एखादी आठवण सांगावी.

सुदाम्याने पोह्यांची पुरचुंडी लाजेने लपविली होती. ती सुटली तेव्हा दोघांनाही आनंदच झाला, हे आपण विसरू नये.