वाळवंटातले हिरवे पीक : सूक्ष्मशैवाल क्षेत्रातील करिअर

“बायोटेक्नॉलॉजीला नोकऱ्या नाहीत म्हणतात. मग मुलीला ती घेऊ द्यायची की नाही?” बारावीच्या निकालानंतर पालकांकडून हमखास येणारा हा प्रश्न. त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण बायोटेक्नॉलॉजीतून निघणाऱ्या वाटा औषधांपासून सांडपाण्यापर्यंत अनेक उद्योगांत जातात. त्यांपैकी आपल्याकडे फारशी चर्चेत नसलेली एक वाट म्हणजे उष्ण वाळवंटात सूक्ष्मशैवाल पिकवण्याचा उद्योग. तो लहान आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. पण त्यासाठी लागणारी कौशल्ये दुसरीकडेही कामी येतात, म्हणून त्याची नीट ओळख करून घेणे फायद्याचे आहे.

हे पीक कोणते?

सूक्ष्मशैवाल म्हणजे पाण्यात वाढणारे, सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसणारे जीव. उन्हाच्या जोरावर ते कार्बन डायऑक्साइडपासून प्रथिने, रंगद्रव्ये आणि स्निग्ध पदार्थ बनवतात. व्यापारात तीन नावे वारंवार येतात. स्पिरुलिना शास्त्रीयदृष्ट्या नील-हरित जिवाणू आहे, पण उद्योगात तिची गणना शैवालातच होते. तिच्या कोरड्या वजनात साधारण 60 टक्के प्रथिने असतात. डुनालिएला अतिखारट पाण्यात वाढते आणि बीटा-कॅरोटिन देते. आपल्याकडे राजस्थानातल्या सांभर सरोवरातही ती आढळते. तिसरे हिमॅटोकॉकस. ते एरवी हिरवे असते. कडक ऊन आणि पोषणाची टंचाई सोसावी लागली की लाल होते आणि अ‍ॅस्टाझँथिन हे महागडे रंगद्रव्य साठवते.

वाळवंटच का?

इस्राएलच्या दक्षिणेला अरावा नावाचे खोरे आहे. वर्षाला जेमतेम 25-30 मिलिमीटर पाऊस, उन्हाळ्यात 40 अंशांवर पारा. इथल्या केतुरा या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक वसाहतीवर, काचेच्या नळ्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांतून हिमॅटोकॉकस फिरते. काही रांगा हिरव्या दिसतात, काही विटकरी लाल. जवळच्या एलातमध्ये उघड्या तळ्यांत डुनालिएला वाढवली गेली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत 1980 च्या दशकापासून स्पिरुलिनाची मोठी शेती झाली.

या सगळ्या जागांत एक गोष्ट सारखी आहे: वर्षभर ऊन. शिवाय वाळवंटात शेतीला निरुपयोगी जमीन वापरता येते आणि डुनालिएलासारख्या जातींना पिकांना न चालणारे खारे पाणीही चालते. स्पिरुलिनाला 35 ते 37 अंश तापमान मानवते, त्यामुळे उष्णता तिला वरदान ठरते.

अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. एक हजार चौरस मीटरचे, 20 सेंटीमीटर खोल तळे घ्या. त्यात दोन लाख लिटर पाणी मावते. वाळवंटी उन्हाळ्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडून गेले तर नवल नाही. म्हणजे दहा हजार लिटर पाणी रोज हवेत जाते. तळे उत्तम चालले तर त्याच दिवसाचे उत्पादन मात्र साधारण दहा ते वीस किलो कोरडे शैवाल. शिवाय जितके पाणी उडते तितका तळ्यातला क्षार वाढतो. बंद नळ्यांत बाष्पीभवनाचा प्रश्न सुटतो, पण नळी उन्हात तापते आणि वरून पाणी फवारून ती थंड करावी लागते. धूळ बसली की प्रकाश कमी होतो. रात्री वाळवंट गारठते, ते वेगळेच. ही गणिते सोडवणाऱ्या माणसांना या उद्योगात पगार मिळतो.

कामाचा दिवस

तळी शर्यतीच्या धावपट्टीसारखी लांबट असतात आणि पाते फिरवून पाणी सतत हलते ठेवले जाते. सकाळची पहिली फेरी तळ्यांवर असते: रंग पाहायचा, वास घ्यायचा, तापमान, सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन नोंदवायचा. मग एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. स्पिरुलिनाचे सर्पिल धागे अखंड आहेत की तुटले आहेत? शैवाल खाणारे सूक्ष्मप्राणी शिरले आहेत का? हे वेळेवर ओळखले नाही, तर थोड्याच दिवसांत अख्खे तळे हातचे जाऊ शकते.

काढणी हा खर्चिक भाग. उघड्या तळ्याच्या एका लिटर पाण्यात जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम शैवाल असते. स्पिरुलिना बारीक जाळीवर गाळली की चक्क्यासारखा गर्द हिरवा लगदा हाती येतो. गोल, सुट्या पेशींच्या जातींना सेंट्रिफ्यूज लागतो. पुढे सुकवणी, जड धातूंची आणि जिवाणूंची तपासणी, मग पॅकिंग. म्हणजे एका प्रकल्पावर जीवशास्त्रज्ञाबरोबरच केमिकल इंजिनिअर, इन्स्ट्रुमेंटेशनचा तंत्रज्ञ, गुणवत्ता तपासणारा रसायनशास्त्रज्ञ आणि अन्नकायद्याचा जाणकार, इतके सगळे लागतात.

तेलाचे स्वप्न, रंगाचा बाजार

“शैवालापासून पेट्रोल” असे मथळे तुम्ही वाचले असतील. त्यांच्या भरवशावर करिअर ठरवू नका. अमेरिकी सरकारने 1978 ते 1996 या काळात शैवाल-इंधनावर संशोधन केले. न्यू मेक्सिकोच्या रॉझवेल गावी मोठी तळी बांधली. ऊन भरपूर होते, पण रात्रीच्या थंडीने वाढ मंदावली आणि उत्पादन अपेक्षेइतके आले नाही. एक्सॉनमोबिल कंपनीने 2009 मध्ये या कामासाठी 60 कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्याची घोषणा केली होती. 2023 पर्यंत तीही यातून बाहेर पडली. खनिज तेलाशी किमतीत टक्कर देणे शैवालाला अजून जमलेले नाही.

पैसा मिळतो तो रंगद्रव्ये, पूरक आहार, मत्स्यबीजाचे खाद्य आणि सौंदर्यप्रसाधने यांतून. स्पिरुलिनापासून काढलेल्या निळ्या रंगाला 2013 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गोळ्या आणि च्युइंगगमसाठी मान्यता दिली. कृत्रिम रंगांना पर्याय शोधणाऱ्या कंपन्यांना त्यामुळे नवे दार उघडले. विद्यार्थ्याने नजर ठेवायची ती या बाजारावर.

शिक्षणाची दिशा

माझा सल्ला स्पष्ट आहे: पदवी रुंद पायाची घ्या, शैवाल हा विषय पदव्युत्तर टप्प्यावर निवडा. अकरावीत शक्य असेल तर जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवा. पुढे दोन मार्ग आहेत.

• विज्ञानाचा मार्ग : वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी. त्यानंतर आयआयटी-जॅम, सीयूईटी-पीजी किंवा गॅट-बी देऊन एम.एस्सी. संशोधनात जायचे असेल तर नेट आणि पीएच.डी.

• अभियांत्रिकीचा मार्ग : एमएचटी-सीईटी किंवा जेईईतून केमिकल, बायोटेक्नॉलॉजी, फूड किंवा इन्स्ट्रुमेंटेशन. त्यानंतर गेट देऊन एम.टेक.

महाराष्ट्रात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील (आयसीटी) जैवऊर्जा केंद्रात शैवालावर काम झाले आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटम या शैवालगटाचा अभ्यास होतो. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सागरी सूक्ष्मशैवालाचा अभ्यास करते. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील नील-हरित शैवालाचे केंद्रही लक्षात ठेवावे.

परदेशात वाळवंटी शैवालाचा विशेष अभ्यास करायचा तर तीन ठिकाणे पाहा: नेगेवमधील स्दे बोकेर येथे बेन गुरियन विद्यापीठाची वाळवंट संशोधन संस्था, सौदी अरेबियातील थुवल येथील किंग अब्दुल्ला विद्यापीठ आणि अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाचे मेसा येथील शैवाल केंद्र. स्दे बोकेरला इंग्रजीतून एम.एस्सी. करता येते. नेगेवमध्येच दिमोना हे गाव आहे, तिथे कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची मोठी वस्ती आहे; परक्या मुलखातही मराठी कानावर पडू शकते.

पालकांच्या तीन शंका

*नोकरी मिळेल का?* केवळ शैवाल उद्योगात शोधली तर जागा मोजक्या आहेत. पण निर्जंतुक कल्चर सांभाळणे, सेंट्रिफ्यूज आणि स्प्रे ड्रायर चालवणे, नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण करणे ही कौशल्ये औषधनिर्मिती, दूधप्रक्रिया, लसनिर्मिती आणि सांडपाणी प्रक्रिया या सगळ्यांत मागितली जातात. पाया भक्कम असेल तर मूल अडकून पडत नाही.

*परदेशी पाठवणे सुरक्षित आहे का?* पश्चिम आशियातील परिस्थिती झपाट्याने बदलते. प्रवेश घेण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा, तिथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांशी थेट बोला आणि शिष्यवृत्तीच्या अटी लेखी मागवा. मन धजत नसेल तर भावनगर किंवा मुंबईचा पर्याय कमी दर्जाचा समजू नका.

*घरीच तळे टाकून व्यवसाय करता येईल का?* येईल, पण “तळे आम्ही बांधून देतो, सगळा माल आम्हीच विकत घेऊ” अशा योजनांत बचत घालण्याआधी चार प्रश्न विचारा. माल शेवटी कोण विकत घेतो? जड धातू आणि विषारी घटकांच्या तपासणीचा अहवाल कुठे आहे? अन्न परवाना कोणाच्या नावावर आहे? आधीच्या पाच शेतकऱ्यांना भेटता येईल का? उत्तरे टाळली गेली, तर पैसे देऊ नका.

या सुट्टीत करून पाहा

एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून स्पिरुलिनाचे थोडे शुद्ध कल्चर मिळवा. तिच्या प्रचलित माध्यमात लिटरला 16.8 ग्रॅम खायचा सोडा असतो. नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशियम, मीठ आणि लोह यांचे प्रमाण शिक्षकांकडून समजून घ्या. काचेची एक बरणी सावलीत ठेवा, एक उन्हात. रोज ठरल्या वेळी तापमान, सामू आणि रंग लिहा, किती पाणी उडाले ते मोजा. हे शैवाल खाऊ मात्र नका, ते फक्त अभ्यासासाठी आहे.

महिनाभर ही वही नियमाने भरली गेली, एखादी बरणी बिघडली तर ती का बिघडली याचा मुलाने स्वतःहून शोध घेतला, तर त्याचा कल या विषयाकडे आहे असे खुशाल समजा. कंटाळा आला, तरी हरकत नाही. पदवीची तीन-चार वर्षे आणि लाखोंची फी भरण्याआधी तेही कळणे मोलाचे आहे. पालकांनो, निर्णय शेजाऱ्यांच्या मतावर घेण्यापेक्षा ती वही उघडून घ्या.