केसांखालची जखम

भाद्रपद लागला की गावातली कुत्री रात्रभर भांडतात. माद्या माजावर आलेल्या असतात, एरवी आपल्या गल्लीची वेस न ओलांडणारे नर पार दुसऱ्या टोकापर्यंत जातात, आणि सकाळी प्रत्येकजण कुठे ना कुठे फाटलेला दिसतो. नेमके हेच दिवस पावसाच्या उघडझापीचे आणि माश्यांचे. म्हणून कुत्र्याच्या किरकोळ जखमेबद्दल बोलायचं तर मी या महिन्यापासूनच सुरुवात करते. वैशाखात पायाला आलेला ओरखडा आणि भाद्रपदात मानेत रुतलेला एक दात, दोन्ही जखमा बारीकच दिसतात. पुढे जे होतं ते मात्र सारखं नसतं.

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी काकांच्या वस्तीवर भुऱ्या आहे. गौरी-गणपतीला मी पोचले, त्याच्या आधी कधीतरी तो भांडून आला होता. कानामागे मानेवर एक भोक पडलेलं, करंगळीचं टोकही जाणार नाही एवढं. काकूने हळद तेलात कालवून लावली, रक्त थांबलं. "बारकी हाय जखम, दोन दिसात भरंल," असं सगळ्यांचं मत पडलं. कुत्रं आपलं आपण चाटून बरं होतं, हाही भरवसा होताच. पण मानेवर जीभ पोचत नाही, एवढी साधी गोष्ट गडबडीत कुणाच्या ध्यानात आली नाही.

मी गेले तेव्हा भुऱ्या दारात आला नाही. उसात जाऊन पडायचा, सारखं डोकं झटकायचा, भाकरीला तोंड लावत नव्हता. जवळ बसले तर कुजका वास आला. केस बाजूला केले तर हळदीची घट्ट खपली, कडेने ओल, आणि खाली वळवळ. किडे पडले होते. चुलतभाऊ धावत जाऊन गोठ्यातली फिनेलची बाटली घेऊन आला. "ताई, वाईच ओततो, झटक्यात मरत्यात." त्याला कळवळाच होता, पण मी त्याचा हात धरला. फिनेल उघड्या मांसाला भाजतं, कातडीवाटे अंगात भिनतं, आणि कुत्रं पंजाने खाजवून तोच पंजा चाटतं. रॉकेल, टर्पेंटाइन, डांबरगोळीची पूड या सगळ्यांचं हेच आहे. गुरांच्या जखमेवर भुरभुरायच्या कीटकनाशक पावडरीही पोटात गेल्या तर विषच. भुऱ्याला पोत्यावर घेतलं, गाडीत घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी केस भादरले तेव्हा त्या भोकाखाली चार बोटं कातडी सुटलेली निघाली. कुत्र्याची मानेवरची कातडी सैल असते. चावणारा कुत्रा दात रोवून डोकं झटकतो, तेव्हा आतले थर फाटत जातात आणि बाहेर दिसतं ते फक्त दाताचं भोक. वर खपली धरली की आत राहिलेली घाण, केस, दुसऱ्या कुत्र्याची लाळ तिथेच कोंडते आणि दोन-चार दिवसांत पू होतो. त्यात माशी. ही माशी जखमेच्या कडेला एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते, एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांस खात आत शिरतात. गोचिडाच्या चाव्याएवढी जागाही तिला पुरते. भुऱ्याला गुंगीचं औषध देऊन चिमट्याने एकेक अळी काढावी लागली. रोजचं धुणं आणि औषध चालू राहिलं, आणि जखम पूर्ण भरली तेव्हा पितृपंधरवडा सरत आला होता.

तेव्हापासून जो कुणी मला विचारतो "कुत्र्याला लागलंय, काय लावू?" त्याला मी आधी उलट विचारते, आत किती गेलंय ते बघितलंस का? लावण्याची घाई सगळ्यांना असते. बघण्याची आणि धुण्याची नसते, आणि किरकोळ जखमेचा निम्म्याहून जास्त उपचार त्यातच असतो.

बघायला जाण्याआधी तोंड बांधा. आपलं कुत्रं कितीही मायाळू असो, दुखत असताना ते चावू शकतं. मऊ पट्टीचा वेढा नाकाडावर, गाठ हनुवटीखाली, आणि टोकं कानांमागे नेऊन बांधायची. धापा टाकत असेल, ओकत असेल, श्वासाला त्रास होत असेल तर मात्र बांधू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ सुती कापड दाबून धरा, पाच मिनिटं, मध्ये उचलून न बघता. सारखं उचलून बघितलं की धरत आलेली गुठळी सुटते. दहा मिनिटं दाबूनही धार थांबत नसेल तर घरचा उपचार तिथेच संपला, कापड तसंच दाबून धरून डॉक्टरांकडे निघा.

रक्त थांबलं की जखमेवर थोडं व्हॅसलिन लावून आजूबाजूचे केस बोथट टोकाच्या कात्रीने कापा. व्हॅसलिनमुळे कापलेले केस त्यालाच चिकटतात, आत पडत नाहीत. मग धुवा. औषधाच्या दुकानात मिळणारी सलाइनची बाटली उत्तम. नाहीतर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट चहाचा चमचाभर मीठ. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने हे पाणी जरा जोराने मारलं की माती आणि केस निघून जातात. शेवटी पोव्हिडोन आयोडिनचं द्रावण पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून त्याने पुसून घ्या. बाटलीतलं तसंच घट्ट ओतू नका. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या जखमेत नकोच, भरून येणाऱ्या नव्या पेशीही त्यांनी मरतात.

हळदीला मी नावं ठेवत नाही. माणसाच्या कापलेल्या बोटावर ती आपण पिढ्यान्‌पिढ्या लावतो. पण केसाळ अंगावर तिचा थर बसतो, आतलं काही दिसत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातली पूड निर्जंतुक नसते. धुतलेल्या वरवरच्या ओरखड्याला काहीही न लावणं यापेक्षा बरं. कडुलिंबाचं तेल लावायचंच तर जखमेत नाही, भोवतीच्या चांगल्या कातडीवर अगदी पातळ, तेही माश्या दूर राहाव्यात म्हणून.

आपल्या घरातली मलमं तर फार जपून. झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम कुत्र्याने वारंवार चाटलं तर त्यातल्या जस्ताची विषबाधा होते. टी ट्री ऑइल थोडंसंही घातक. आणि दुखतंय म्हणून आपली गोळी देणं हे सगळ्यांत वाईट. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि पॅरासिटामॉल यकृतावर येतं. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावल्यावर लगेच जेवण द्या किंवा फिरवून आणा, तेवढ्यात ते थोडं मुरतं. तरी चाटणं थांबत नसेल तर गळ्यात कोन घालावाच लागतो. पहिल्या दिवशी कुत्रं खट्टू होतं, भिंतींना धडकतं, नंतर सवय होते. दया येऊन कोन काढून टाकणाऱ्यांची कुत्री मी पाहिली आहेत. चाटून चाटून एवढासा ओरखडा महिनोन्‌महिने ओला राहतो.

पंजाच्या गादीला काच लागली तर रक्त फार येतं, घाबरू नका. बोटांच्या फटीत बॅटरीच्या उजेडात काच शोधा. नख मोडून रक्त येत असेल तर टोकाला कॉर्नफ्लॉवर किंवा तुरटीची पूड दाबली की पुरतं. पायाची पट्टी सैलसर हवी आणि रोज बदलायची. पावसात बाहेर नेताना वर प्लास्टिकची पिशवी, घरात आल्याबरोबर काढायची. पट्टीच्या खालची बोटं सुजली किंवा गार लागली तर ती तेव्हाच सोडा.

चाव्याच्या जखमेला मात्र किरकोळ म्हणूच नका. चावणारं कुत्रं अनोळखी असेल तर हातमोजे घालून ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. रेबीजचा विषाणू लाळेतून येतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही. आपल्या कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून पुढचे डोस द्या. धुताना तुमच्या हातावर ओरखडा होता आणि त्याला लाळ लागली, तर तुम्हीही दवाखान्यात जाऊन तसं सांगा. यात संकोच करणारी माणसं मला माहीत आहेत, आणि मला त्यांची खरोखर भीती वाटते.

छातीवरची, पोटावरची, डोळ्याजवळची, सांध्यावरची, तोंड वासलेली जखम घरी ठेवायची नाही. टाके घालायचे तर पहिले सहा-आठ तास मोलाचे. गावात डॉक्टर कुठे मिळतील कळत नसेल तर पशुपालकांसाठीच्या १९६२ या क्रमांकावर विचारा. घरी बऱ्या होत असलेल्या जखमेकडे पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ बॅटरी घेऊन बघा आणि नाकाने वासही घ्या. कडेच्या केसांना चिकटलेले पांढुरके बारीक कण दिसले तर ती माशीची अंडी. ते केस लगेच कापून टाका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. त्यामुळे नाकाला हात लावून तापाचा अंदाज बांधू नका, थर्मामीटर गुदद्वारातून लावा. त्याहून वर पारा असेल, जेवण सुटलं असेल, कुत्रं अंधारात जाऊन पडत असेल, तर बाहेरून जखम कितीही कोरडी दिसो, केस भादरून आत बघायला सांगा.