वाचकांचे प्रश्न : तंबूबाहेर हॉट टब, पण जमीन कुणाची?

प्रश्न : तेलंगणातल्या उटनूरजवळच्या एका मराठीभाषक वाचकाने ओळखीच्या गोंड शेतकऱ्याची जमीन भाडेकराराने घेतली आणि तिथे पर्यटकांसाठी ऐसपैस तंबू उभारले. वाचक स्वतः आदिवासी नाहीत. आदिलाबादची थंडी कडाक्याची, त्यामुळे प्रत्येक तंबूबाहेर हॉट टब बसवून रोजचे भाडे 7,000 वरून 8,000 रुपये करावे, असा त्यांचा विचार आहे. जीएसटी किती पडेल आणि टबाच्या खर्चावर घसारा मिळेल का, असे ते विचारतात.

उत्तर : टबाची ऑर्डर देण्याआधी त्यांनी भाडेकरार बाहेर काढावा. उटनूर अनुसूचित क्षेत्रात मोडते आणि तिथे 1959 चा जमीन हस्तांतरण विनियम लागू आहे. 1970 च्या दुरुस्तीमुळे लोक त्याला ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणतात. या विनियमानुसार बिगर-आदिवासीच्या नावे झालेले हस्तांतरण रद्दबातल ठरते, मग जमीन देणारा आदिवासी असो वा नसो. हस्तांतरणात खरेदी, गहाण आणि दान येते, तसाच भाडेपट्टाही येतो. जमिनीसंबंधीचा नुसता करारही त्यातून सुटत नाही. स्टँप पेपर, नोटरी, पंचांच्या सह्या यांपैकी कशानेही हा दोष झाकला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1997 च्या ‘समता’ निकालात तर सरकारलाही हीच मनाई लागू केली.

उद्या कुणी तक्रार केली, तर जमीन मूळ मालकाकडे जाईल आणि टबांत घातलेला पैसा अडकेल. या कायद्याला निव्वळ कागदी अडथळा समजू नये. याच जिल्ह्यात, इंद्रवेल्लीला, 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला होता.

सरळ मार्ग असा, की व्यवसाय त्या शेतकऱ्याच्या किंवा फक्त आदिवासी सभासद असलेल्या सहकारी संस्थेच्या नावे चालावा, आणि वाचकांनी बुकिंग, जाहिरात, व्यवस्थापन अशा कामांचा मोबदला घ्यावा. जमिनीवर त्यांचा कसलाही हक्क नसावा. कागद मात्र या विनियमाची माहिती असलेल्या वकिलाकडूनच करून घ्यावा. सेवाकराराच्या नावाखाली भाडेपट्टाच दडवला, तर मूळ धोका तसाच राहतो.

आता पैशांचे. जीएसटी नोंदणी असेल, तर रोजचे भाडे 7,500 रुपयांपर्यंत असताना 5 टक्के कर लागतो, पण खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही. त्यावर एक रुपया जरी चढला, तरी पूर्ण भाड्यावर 18 टक्के. यातला 5 टक्क्यांचा दर सप्टेंबर 2025 पासूनचा आहे. म्हणजे 7,000 च्या तंबूसाठी पाहुणा 7,350 देतो, 8,000 च्या तंबूसाठी 9,440. वाचकांना हजार रुपये जास्त मिळावेत म्हणून पाहुण्याच्या खिशातून 2,090 जातात! 18 टक्क्यांत क्रेडिट मिळते हे खरे, पण पक्क्या बांधकामावर ते अडते. टब बसवूनही भाडे 7,500 च्या आत ठेवणे बहुधा शहाणपणाचे.

घसाऱ्याच्या प्रश्नावर तेलंगणातलाच दाखला आहे. सिकंदराबादच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये स्नानगृहातील सॅनिटरी सामान आणि नळजोडणी यांना ‘प्लांट’ (यंत्रसामग्री) मानले. हॉटेलच्या धंद्यात ती पाहुण्यांच्या सोयीची साधनेच आहेत, हा त्यामागचा विचार. पुढे, 2004 पासून, कायद्याने इमारत आणि फर्निचर-फिटिंग्ज ‘प्लांट’मधून वगळली. तरीही पंप-हीटरसह सुटा, हलवता येणारा टब यंत्रसामग्रीत बसवून 15 टक्के घसारा मागता येईल. काँक्रीटचे टाके बांधले, तर ते इमारतीत धरून 10 टक्क्यांवर भागवावे लागेल. आणखी एक, डिसेंबरात हंगाम तोंडावर आल्यावर टब सुरू केला, तर वापर 180 दिवसांपेक्षा कमी भरतो आणि त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो.

चालू खर्चही धरावा. हजार लिटर पाणी 15 अंशांवरून 38 अंशांवर नेण्यास सुमारे 27 युनिट वीज लागते, उष्णतेची गळती वेगळीच. टबाच्या पाण्यासाठी नवी बोअर मारायची, तर पाणी, जमीन आणि झाडांविषयीच्या ‘वाल्टा’ कायद्याखाली परवानगी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार टबातले पाणी 40 अंशांच्या वर जाऊ नये. विजेच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ) बसवावीच. ‘टबाचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावली, म्हणून ग्राहक आयोगापुढची जबाबदारी टळत नाही. म्हणून सार्वजनिक दायित्व विमा घ्यावा आणि त्यात टबाचा उल्लेख स्पष्ट करून घ्यावा.